शेवटी निघणाऱ्याने बटणे बंद करावीत

माझ्या हातून कंप्युटर बिघडला असं जे आमच्या सोसायटीत बोललं जातं, ते साफ खोटं आहे. कंप्युटरला मी बोटसुद्धा लावलं नव्हतं. मी फक्त भिंतीवरचं बटण बंद केलं. आणि भिंतीवरचं बटण बंद करणं हा गुन्हा असेल, तर मी सराईत गुन्हेगार आहे.

आमच्या घराण्याची ती रीतच आहे. घरातून जो शेवटी निघेल, त्याने सगळ्या खोल्यांतून फिरून सगळी बटणं बंद करायची. वडील तर चपला घालून पुन्हा आत यायचे आणि बंद केलेली बटणं नीट बंद आहेत ना, ते चाचपून बघायचे. मीही तेच करतो. फ्रीज तेवढा वगळतो. (हे कलम लग्नानंतर, दुधाच्या एका प्रकरणामुळे जोडावं लागलं. त्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी बरंच काही बोलण्यासारखं आहे.) सोसायटीचा सेक्रेटरी झाल्यावर तर मी सगळ्यांच्या घरी प्रत्येक खोलीच्या दाराला आतून स्टिकर लावून दिले: 'शेवटी निघणाऱ्याने बटणे बंद करावीत.' त्याबद्दल माझ्या तोंडावर आजवर कोणी तक्रार केलेली नाही.

त्या शनिवारी मला सुट्टी होती आणि मी कटिंगला निघालो होतो. बायको सकाळीच शाळेत गेली होती. ती शाळेत भाषा शिकवते. म्हणजे शेवटी निघणारा मी. रीतसर फेरी सुरू केली. आतल्या खोलीत आलो तर कंप्युटर चालूच! पडद्यावर एक गोल फिरतोय, आणि पडद्याच्या कडेला बायकोच्या अक्षरातली चिठ्ठी: 'कंप्युटरला हात लावू नका.' खाली दोन रेघा. आता तुम्हीच सांगा, यात बटणाचा उल्लेख कुठे आहे? मी चिठ्ठीचा पूर्ण मान राखला. हात पाठीमागे बांधून कंप्युटरला वळसा घातला आणि भिंतीवरचं बटण खाली केलं. गोल फिरायचा थांबला. बिचारा दमला असेल, असं मनात म्हटलं आणि निघालो.

कटिंग झकास झाली. परत आलो तोच बायकोचा फोन.

"अहो, कंप्युटरचं ते अपडेट झालं का हो? मी सकाळी बंद करायला गेले तर ते मध्येच सुरू झालं. बंद करू नका म्हणत होतं, म्हणून तसंच ठेवून आले. वेळापत्रक त्यातच आहे. दुसरीकडे कुठेच नाही. संध्याकाळी येऊन छापून काढते."

"होत आलंय," मी म्हणालो. मी खोटं बोलत नाही. काय होत आलं होतं, ते मी सांगितलं नाही इतकंच.

या वेळापत्रकाबद्दल सांगायलाच हवं. शाळेचं वेळापत्रक इतकी वर्षं एक जुने सर करत आले. ते स्वतःसाठी मलईचे तास काढून घ्यायचे आणि तळाशी उरलेलं सगळं माझ्या बायकोच्या वाट्याला यायचं. रोजचा शेवटचा तास तिचा, जेवणानंतरच्या पेंगुळलेल्या वर्गाचाही तिचाच, मोकळा तास नावाची गोष्ट नाही. यंदा मुख्याध्यापिकाबाईंनी पहिल्यांदाच ते काम तिला दिलं, पण अट घातली. सोमवारी शाळा उघडायच्या आत फळ्यावर वेळापत्रक लागलं पाहिजे, नाहीतर गेल्या वर्षीचंच पुढे चालू. तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. ती पोळ्या लाटताना सातवी ब पुटपुटायची. इतक्या उमेदीने काही करताना मी तिला कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं. आणि ते सगळं आता त्या बंद डब्यात होतं.

मी बटण चालू केलं. आत्मविश्वास माझ्यात जन्मजात आहे. सोसायटीतल्या किमान एका घराची दारावरची बेल मी दुरुस्त केली आहे, आणि ती अजून वाजते. थांबत नाही, हा भाग वेगळा.

पडदा निळा झाला आणि त्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली. तिचा सरळ अर्थ असा, की हा कंप्युटर योग्य रीतीने बंद करण्यात आलेला नाही. मी कचेरीत लोकांना कारणे दाखवा नोटिसा लिहितो. 'बंद करण्यात आलेला नाही' ही भाषा मी पोटापाण्यासाठी रोज वापरतो. कोणी बंद केला, कधी केला, ते बोलायचं नाही, पण समोरच्याला दरदरून घाम फुटला पाहिजे. हीच नोटीस माझ्याच घरात, मला, एका यंत्राने द्यावी! मी त्याला तोंडी खुलासा दिला. त्याने तो विचारात घेतला नाही. "दुरुस्तीचा प्रयत्न चालू आहे," असं म्हणाला, मग "दुरुस्ती करता आली नाही," असं म्हणाला आणि पहिलीच ओळ पुन्हा दाखवू लागला. आमच्या खात्यातही फाईल अशीच फिरते, त्यामुळे मला फारसं नवल वाटलं नाही.

कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. बरंच संगीत ऐकवून झाल्यावर एक गोड आवाजाची मुलगी आली.

"सर, आपण एकदा कंप्युटर बंद करून चालू करून पाहिलात का?"

"अहो बाई, बंद केला म्हणून तर फोन करतोय!"

"सर, मग परत एकदा बंद करून पाहता का?"

मी फोनच बंद केला. तो मात्र योग्य रीतीने.

तेवढ्यात तळमजल्यावरचे बॉयलरकाका आले. त्यांची सगळी हयात कारखान्यात बॉयलर सांभाळण्यात गेली, म्हणून हे नाव. ते आमच्या सोसायटीचे अध्यक्षही आहेत. आले होते पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला, पण बिघडलेलं यंत्र दिसल्यावर टाकी विसरले. डब्याला तळहात लावून त्यांनी डोळे मिटले.

"सेक्रेटरी, याच्यात वाफ कोंडलीय."

"काका, कंप्युटरमध्ये वाफ नसते."

"वाफ सगळ्यात असते. तुमच्यात आहे, माझ्यात आहे. दाबून ठेवली की हे असं होतं." त्यांनी टेबलफॅन आणून डब्यासमोर लावला, आणि आम्ही दोघं खुर्च्या टाकून त्याला वारा घालत बसलो. डबा निवला. ओळ तीच.

मग वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरबाई आल्या. त्या दातांच्या डॉक्टर. बायकोची जिवाभावाची मैत्रीण, त्यामुळे त्यांना बोलवायचंच नव्हतं, पण काकांनी जिन्यातून हाक मारली. बाईंनी आल्या आल्या विचारलं, "त्रास कधीपासून आहे?" मी म्हटलं, कटिंगपासून. त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या बटणाकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं.

"भाऊजी! ताईचं वेळापत्रक आहे ना हो यात?"

"म्हणून तर चाललंय," मी म्हणालो. माझा आवाज थोडा बसला होता. फॅनच्या वाऱ्याने असेल.

बाईंनी बॅटरी मागितली, छोटा स्क्रूड्रायव्हर मागितला. डब्याचं झाकण उघडून आत वाकल्या आणि म्हणाल्या, "खूप किटण साठलंय." मग एक लांबट पट्टी अशी अलगद उपटली, की डबा ओरडला नाही याचंच आश्चर्य. पट्टीचे दात खोडरबराने घासले, फुंकर घातली, पुन्हा बसवली. "आता अर्धा तास काही देऊ नका," असंही सवयीने बोलून गेल्या. अर्ध्या तासाने आम्ही बटण दाबलं. योग्य रीतीने बंद करण्यात आलेला नाही.

दुकानात न्यायचं ठरलं. दुकान दुपारी बंद होतं आणि रविवारी उघडत नाही, त्यामुळे घाई होती. डॉक्टरबाईंनी गाडी काढली, मी डबा छातीशी धरून खाली आलो. फाटकापाशी वॉचमन आडवा झाला.

"साहेब, गेटपास?"

इथे थोडं थांबायला हवं. मागे कोणाची तरी इस्त्री सोसायटीतून नाहीशी झाली, तेव्हा मीच नियम केला होता. कोणतीही विजेची वस्तू बाहेर नेताना सेक्रेटरीच्या सहीचा गेटपास पाहिजे. आणि वस्तू खुद्द सेक्रेटरीची असेल, तर त्याला स्वतःच्या पासवर सही करता येणार नाही, अध्यक्षांकडे लेखी अर्ज करावा लागेल. हे पोटकलम मी स्वतःहून घातलं होतं. सभेत टाळ्या पडल्या होत्या.

"अरे, मीच नियम केलाय ना!"

"म्हणून तर, साहेब. तुम्हीच म्हणाला होता, मी जरी आलो तरी सोडू नको."

मला त्याचा राग आला आणि अभिमानही वाटला. अध्यक्ष म्हणजे बॉयलरकाका, ते माझ्या शेजारीच उभे होते. म्हटलं, काका, करा सही. काकांनी छाती फुगवली.

"अर्ज?"

"काका, सकाळपासून तुम्ही माझ्या घरात बसलाय!"

"तो मी शेजारी म्हणून. अध्यक्ष म्हणून मला अजून काहीच कळवण्यात आलेलं नाही."

गाडीच्या टपावर कागद ठेवून मी अर्ज लिहिला. 'विषय: नादुरुस्त संगणक बाहेर नेण्यास परवानगी मिळण्याबाबत.' घाईतही मसुदा देखणा उतरला. काकांनी तो दोनदा वाचला, एक स्वल्पविराम वाढवला आणि सही केली. वॉचमनने कागद घेतला, माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं.

"यात कंप्युटर लिहिलंय. हा तर डबा आहे. कंप्युटर कुठंय?"

"हाच कंप्युटर!"

"नाही साहेब. कंप्युटरमध्ये चित्र दिसतं."

त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा वर जाऊन पडदा आणणं सोपं होतं. मग पडदा आणला, कीबोर्ड आणला, माऊस आणला, आणि सगळं मिळून कंप्युटर झाल्याची खात्री पटल्यावर त्याने फाटक उघडलं. टेबलफॅन मी सवयीने उचलून आणला होता, तो पासवर नसल्यामुळे त्याच्याकडेच ठेवून घेतला.

दुकानदार डबा खात होता. म्हणजे जेवणाचा. घास गिळत त्याने वॉरंटीचं कार्ड मागितलं.

"यावर बाईंचं नाव आहे. त्यांच्याशिवाय मला उघडता येणार नाही. तुम्ही कोण?"

"मी मालक."

"कार्डावर त्या मालक आहेत."

संसारात काही गोष्टी माहीत असतात, पण परक्याच्या तोंडून चारचौघांत ऐकल्या की लागतात. मी कोट नसतानाही कोट सारखा केला. तेवढ्यात त्याने डबा फिरवून पाहिला. "आणि हे सील कोणी तोडलं?" डॉक्टरबाई दुकानाचं छत बघायला लागल्या. "मग वॉरंटी गेलीच. आता मालकीण आली काय, नाही आली काय," असं म्हणून त्याने एकदाचं उघडलं, तारा जोडल्या, खटाखट काहीतरी दाबलं.

"नशीब तुमचं. डिस्क गोंधळलीय, मेलेली नाही. तपासणी लावून देतो, ती सगळं जागच्या जागी बसवेल. बहुतेक फाईल मिळेल. पण हिला वेळ लागतो आणि मी आता दुकान बंद करणार. घरी नेऊन अशी सुरू करा." त्याने दाखवलं. "शंभर टक्के होईपर्यंत मध्ये बंद करायचं नाही. आधीच एकदा दणका बसलाय. मध्ये पुन्हा बंद पडला तर माझ्याकडे आणू नका."

"आमच्याकडून असं होणं शक्य नाही," मी म्हणालो. डॉक्टरबाईंना अचानक खोकला आला.

घरी आलो. (वस्तू आत आणण्याचा पास वेगळा असतो, तो विषय मी इथे काढत नाही.) सगळं जोडलं, तपासणी सुरू केली. पडद्यावर टक्के दिसू लागले. पाच. नऊ. आम्ही तिघं पडद्यासमोर रांगेत बसलो. मी मनातल्या मनात बायकोशी बोलायची तयारी करत होतो. 'अगं, जरा कुरकुरत होतं, मी बघितलं,' असं सहज म्हणायचं ठरवलं. ती 'तुम्ही?' म्हणेल, आणि मी नुसता हसेन.

चाळिसाच्या पुढे टक्का अडला. काका म्हणाले, "आपण बघतोय म्हणून हलत नाही. बॉयलरचा काटा असाच असतो. चला, चहा घेऊ." मला ते पटलं. मी आधी उठलो, मागून डॉक्टरबाई आल्या, काका गुडघे धरत सावकाश उठले. मी स्वयंपाकघरात आधण ठेवलं, मनावरचा भार बराच उतरला होता. काका आले, मोठ्या समाधानाने स्टुलावर बसले आणि म्हणाले,

"सेक्रेटरी, खोलीतून शेवटी मीच निघालो. बटणं सगळी बंद करून आलोय हो. दारावर तुमचं स्टिकर वाचलं."

मी आधण तसंच टाकलं.

आतल्या खोलीत आम्ही धावलो. बटण चालू केलं. आता निळा पडदा नाही, ओळ नाही, नोटीस नाही. काळा ठिक्कर पडदा आणि त्यात माझी नवी कटिंग. "डॉक्टरबाई, काहीतरी करा हो," मी म्हणालो, आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दातांच्या डॉक्टरांनी असा हात ठेवला की काय समजायचं ते समजावं. काकांना बिचाऱ्यांना काय झालं तेच उमगत नव्हतं, आणि उमगल्यावर ते मटकन खाली बसले. मी त्यांना काय बोलणार? स्टिकरखाली सही माझी होती.

आणि बेल वाजली.

बायको दारात उभी. पिशवीत कोरे कागद, छापायला आणलेले. चेहऱ्यावर सकाळचीच उमेद. तिने आम्हा तिघांना पाहिलं, उघडा डबा पाहिला, काळा पडदा पाहिला, आणि मग बटणाकडे पाहिलं. माझी सगळी तयारी घशातच राहिली.

"मी बंद केलं गं," मी म्हणालो. "सकाळी. बटण. गेलं सगळं. माझ्यामुळे गेलं."

काका घाईघाईने म्हणाले, "दुसऱ्यांदा मी केलं." म्हातारा मनाने सरळ आहे.

तिने पिशवी खाली ठेवली आणि ती खुर्चीत बसली. डोळे भरून आलेले दिसले मला. त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मग तिने पदराने डोळे पुसले आणि आमच्याकडे, वर्गाकडे बघावं तसं पाहिलं.

"रेघा सरळ कोणाला मारता येतात?"

डॉक्टरबाईंनी हात वर केला. मोठ्या तक्त्याचे कागद निघाले. काकांकडे खिळ्यासारखी सरळ लांब पट्टी होती, ते गुडघे विसरून खाली जाऊन ती घेऊन आले. मला समोर बसवलं.

"तुमचं अक्षर चांगलं आहे. लिहा. पाचवी अ, सोमवार."

आणि ती सांगत सुटली. कागद नाही, टिपण नाही, डोळे मिटून. सगळी शाळा तिच्या डोक्यात होती. खेळाच्या सरांना जेवणानंतर तास नको, धावले की त्यांना आंबट ढेकर येतात. चित्रकलेच्या बाई दुपारी दुसऱ्या शाळेत जातात, म्हणून त्या आधी. संगीताची खोली गणिताच्या भिंतीला लागून आहे, दोन्ही तास एका वेळी आले की गणिताच्या बाई भिंतीवर डस्टर आपटतात, म्हणून तिथे इतिहास. इतकी वर्षं तिला तळाचे तास देणाऱ्या त्या जुन्या सरांनासुद्धा तिने दुपारचं ऊन येणाऱ्या वर्गातून काढलं होतं. "त्यांच्या डोळ्यांना ऊन सोसत नाही अलीकडे," ती म्हणाली. मी लिहीत गेलो. नोटिसा लिहून झिजलेला हात माझा, पण इतकं समजुतीचं काही त्याने कधी लिहिलं नव्हतं. या बाईबरोबर मी इतकी वर्षं राहतोय आणि मला वाटायचं, ती सातवी ब पुटपुटते आहे.

शेवटी तिचं स्वतःचं वेळापत्रक आलं. मी लेखणी सरसावून बसलो. म्हटलं, आता मलई येऊ दे तिच्या वाट्याला. पण शेवटचे तास तिने पुन्हा स्वतःकडेच ठेवले होते. जेवणानंतरचा पेंगुळलेला वर्गही तिचाच. कोणीतरी घ्यायलाच हवेत, म्हणाली. फक्त एकच गोष्ट वेगळी होती. पहिला तास, सोमवार ते शनिवार, मोकळा.

"रोज पहिला तास मोकळा?" मी विचारलं. "एवढंच मागितलंस? आणि हाच का?"

"म्हणजे मी तुमच्यानंतर निघेन," ती म्हणाली. "घरातून शेवटी."

डॉक्टरबाई पुन्हा छत बघायला लागल्या. काका पट्टी पुसायला लागले. मी तो तास मोकळा लिहिला. सहाही दिवस, सुवाच्य अक्षरात.

सोमवारी तक्ता फळ्यावर लागला. लांबूनही वाचता येतो, असं म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी दरवर्षी असाच हाताने करा म्हणून सांगितलं, तेव्हा आमच्या कंप्युटरचं जे काही व्हायचं ते सावकाश होऊ दे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तयार होऊन दारात उभा राहिलो तर ती चहाचा कप घेऊन आरामात बसली होती. फेरी मारायला माझे पाय शिवशिवत होते.

"निघा तुम्ही," ती म्हणाली. "मी आहे मागे."

मी जिना उतरलो. फाटकापाशी वर पाहिलं तर भर उजेडात आमच्या गॅलरीतला दिवा लागला. विझला. पुन्हा लागला. वॉचमन माझ्याकडे बघत होता, म्हणून मी पुढे चालू लागलो.

संध्याकाळी मी आधी घरी पोचलो. दिवा चालूच होता. दिवसभर! मी मुकाट्याने बूट काढले, हातपाय धुतले, दोघांसाठी चहा ठेवला, आणि ती येईपर्यंत दिवा तसाच जळू दिला.